आप्पा क्लास निवडतात

कुठल्याही मास्तरासमोर उभे राहिले की आप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मला एक ठोसा मारा, पण लागता कामा नये." मास्तर आप्पांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी भिंतीकडे बघायचो.

देवराम आप्पा म्हणजे पांडेसऱ्यात आमच्या यंत्रमागाच्या खात्यातले सर्वांत जुने लूम कारीगर. मूळचे शिरपूरकडचे, वय बावन्न. बायको गेल्यावर घरात ते आणि मुलगी लता, एवढीच माणसं. लता सहा महिन्यांपासून शिकायला मामाकडे होती आणि दिवाळीला येणार होती. ती यायच्या आत आप्पांना मारामारीची एखादी कला शिकायचीच होती. कुठली, म्हणून विचारलं की "आधी दखू." या दखण्यापायी माझ्या रविवारांची वाट लागली, कारण सायकल माझी होती आणि कॅरिअरवर ते.

बॉक्सिंगवाल्यानं त्यांची विनंती अर्धीच मानली. नाक आठवडाभर सुजलेलं होतं. तायक्वांदोवाल्याला आप्पांनी विचारलं, "उचललेला पाय मधूनच परत घेता येतो का?"

"काका, वापस लेना है तो उठाते क्यों हो?" तो म्हणाला. आप्पांनी चपला घातल्या.

किकबॉक्सिंगच्या मास्तराला तर त्यांनी उलट शिकवलं. "लूम चालू कोणीही करतं. धागा तुटला की तिथल्या तिथे थांबवतो, तो कारीगर." मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"आप्पा, या वयात मारायचंय तरी कोणाला?" मी रस्त्यातच सायकल थांबवून विचारलं.

"कोणलेच नही."

"मग माझं डोकं का खाता?"

चौथ्या रविवारी बमरोलीचा कराटे क्लास. शिकवणारी एक सडपातळ बाई होती. आप्पांचं वाक्य ऐकून ती हसली नाही. तिची मूठ सुटली आणि आप्पांच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबली. आप्पांची पापणीही हलली नाही. त्यांनी ते तीनदा करून घेतलं, मग विचारलं, "हे शिकता येतं?"

"पहले यही सिखाते हैं, काका."

आप्पांनी लगेच नाव घातलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

बाहेर मी सायकलचं कुलूप काढत होतो. लूमवरची आम्ही माणसं ओरडूनच बोलतो; आप्पा इतकं हळू बोलले, की मला वळून त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं.

"लताले म्या थापड मारेल व्हती. ती धीरे बोला म्हने, इतलंच. मना हात थांबना नही. दुसरे रोज ती मामाकडे निंघी गयी."

ती शिकायला गेली, हे सगळ्यांना आप्पांनीच सांगितलेलं. मला माझ्या चिडचिडीची लाज वाटली.

पुढच्या रविवारी क्लासात जोड्या लावल्या. आप्पांसमोर उभं राहायला कोणी तयार होईना, म्हणून मी राहिलो. पहिल्या दिवशी मला त्यांचे चार ठोसे लागले. दिवाळीला अजून महिना होता.