सोमवारी पांढरे, मंगळवारी लाल

नकाशा विभागातील सतरा कर्मचाऱ्यांपैकी सोळा जणांचे डोळे दर सोमवारी सकाळी पांढरे असत आणि मंगळवारी सकाळी लाल. शुक्रवारपर्यंत ते लालच राहत, रविवारी रात्रीपर्यंत गुलाबी होत आणि सोमवारी पुन्हा पांढरे. सतरावे, म्हणजे विभागप्रमुखांचे, डोळे सदासर्वकाळ पांढरे.

कोरोनाच्या संसर्गात काही रुग्णांचे डोळे लाल होतात, हे वैद्यकाने नोंदवले आहे. परिपत्रकाचा सारांश करताना ‘काही’ हा शब्द जागेअभावी गळला. सबब, डोळे-लाली सनियंत्रण समिती स्थापन झाली. तिने सोळाही जणांच्या नाकातील स्राव तीनदा तपासून घेतला. अठ्ठेचाळीसही अहवाल निर्दोष आले, त्यामुळे चाचणीवरचा संशय बळावला. मग समितीने दोन निष्कर्ष काढले. एक, विषाणू साप्ताहिक सुट्टी पाळतो. दोन, वेतनश्रेणी वाढेल तशी प्रतिकारशक्ती वाढते (नमुना : विभागप्रमुख, एक).

या सोळांत विभागाचा भांडारपाल होता. वय सत्तावन्न. पावतीशिवाय टाचणीही न देणारा माणूस. त्याला नात झाली होती, तीन आठवड्यांची. ती दोन गल्ल्या पलीकडे, लेकीच्या घरी होती. भांडारपालाने ती फक्त फोनमध्ये पाहिली होती, तीही बहुतेक वेळा उलटी.

“बाबा, आधी डोळे दाखवा,” लेक म्हणे.

तो फोन डोळ्याला लावी.

“अगं बाई! टोमॅटो झालेत नुसते. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही हं!”

“अगं, सोमवारी सकाळी पांढरे असतात.”

“मग सोमवारी सकाळी या.”

त्याने सोमवारची रजा मागितली. डोळे पांढरे असताना आजारपणाची रजा कशी, असा समितीचा शेरा आला. मंगळवारची मागितली, तर लाल डोळ्यांच्या माणसाने गावभर हिंडू नये, असा.

उपचारात मात्र विभागाने हयगय केली नव्हती. नाक-तोंड मास्कखाली झाकलेले. उघडे काय राहिले, तर डोळे. तेव्हा विषाणू शिरणार तो तिथूनच, हे ओघाने आले. म्हणून साथीच्या सुरुवातीलाच प्रवेशद्वाराशी जंतुनाशक दिवा बसवला होता. रोज सकाळी प्रत्येकाने त्याखालच्या खुर्चीत बसून दहा मिनिटे वर पाहायचे (पापण्या मिटणे हा कामचुकारपणा समजला जाई). डोळे लाल दिसू लागल्यावर दहाची वीस मिनिटे झाली. गुण येईना, म्हणून तीस. भांडारपाल नातीसाठी स्वखुशीने आणखी दहा मिनिटे बसे. विभागप्रमुखांनी उद्घाटनाची फीत कापली होती आणि त्यानंतर ते मागच्या दाराने येत.

डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊन रात्रभर झोप लागेना, तेव्हा भांडारपाल नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेला.

“काका, वेल्डिंग करता का?”

“छे हो! गठ्ठे मोजतो.”

“मग उघड्या डोळ्यांनी कसल्या उजेडाकडे बघता?”

“उजेड कसला? उपचार घेतो मी.”

उपचाराचे वर्णन ऐकता ऐकता बाईंनी पेन खाली ठेवले. “त्या दिव्याबरोबर एखादा कागद आला असेल. तो वाचून या.”

साठा-नोंदवहीत ओळ सापडली. ‘दिवा, जंतुनाशक, नग एक. कागद, छापील, घडीचा, नग एक.’ अक्षर भांडारपालाचेच होते. कागद कपाट क्रमांक तीनमध्ये सुखरूप होता. वरचे पारदर्शक पाकीटही फोडलेले नव्हते. मागणीपत्राशिवाय वस्तू बाहेर काढता येत नसल्याने त्याने स्वतःकडे मागणीपत्र सादर केले, त्यातली एक त्रुटी दाखवून ते परत केले, आणि दुसऱ्या खेपेला मंजूर केले. कागदावरची पहिली ओळ ठळक होती : ‘दिवा चालू असताना खोलीत कोणीही थांबू नये.’

कागद गहाळ झाल्याची नोंद करणे त्याच्याच हातात होते. नोकरीचे एकच वर्ष राहिलेला माणूस ती करताही. पण मग दिवा चालूच राहिला असता, आणि नात फोनमध्येच रांगायला लागली असती. त्याने दिव्याची तार काढली आणि बसून अहवाल लिहिला :

‘कारण : दिव्याच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजला. लाली काही तासांनी येते. किरण थांबले की साधारण दोन दिवसांत ओसरते. विषाणूचा पुरावा सोळांपैकी एकाच्याही बाबतीत मिळाला नाही. सूचनापत्र भांडारपालाने मोजले, वाचले नाही.’

(त्याच साथीत आपण सर्वांनी ज्याच्या-त्याच्या सांगण्यावरून गोळ्या घेतल्या. त्यांच्या खोक्यातही असाच एक घडीचा कागद होता. भांडारपालाने निदान मोजला तरी होता.)