सर्वसाधारण सभेची ध्वनिव्यवस्था

सहकारात प्रत्येक सभासदाला आवाज असतो. तो आवाज कुठं न्यायचा एवढाच तांत्रिक प्रश्न उरतो, आणि तंत्रज्ञान सुधारलं की तोही उरत नाही.

सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या एका साखर कारखान्याची वार्षिक सभा पूर्वी जुन्या पद्धतीनं चालायची. कुणी नको तो प्रश्न विचारायला उठला की दोन धट्टेकट्टे कार्यकर्ते त्याच्या हातातला माइक ओढायचे, तिसरा स्पीकरवाल्याकडं बघून मान हलवायचा, आणि या झटापटीत दरवर्षी सरासरी साडेतीन सदरे फाटायचे (अर्धा सदरा म्हणजे नुसती बाही). गेल्या साली हे दृश्य सभासदांच्या पुण्यातल्या जावयांनी मोबाइलवर पाहिलं आणि कारखान्याची शोभा झाली. म्हणून चेअरमन हंबीरराव यांनी यंदा सांगलीहून थेट प्रक्षेपणाची गाडीच मागवली. माणूस पुढारलेला, यात शंका नाही.

गाडीत आवाजाचं काम श्रद्धा मगदूमकडं होतं. तिच्यासमोर चौसष्ट चॅनलचा डिजिटल मिक्सर आणि शेजारी राउटर. म्हणजे कुठल्याही माइकचा आवाज कुठंही न्यावा, किंवा कुठंच नेऊ नये, अशी सोय. चॅनल वाटायचं काम मात्र तिचं नव्हतं. ती यादी चेअरमनांचे पुतणे जयराज यांनी मानपानाप्रमाणे लावून आणली होती. पहिला चॅनल चेअरमनांचा. दुसराही चेअरमनांचाच, पहिला थकला तर. तिसरा त्यांच्या वडिलांच्या पुतळ्याजवळ (पुतळा बोलत नाही, पण मान मोडता येत नाही). त्यापुढं वयाप्रमाणे संचालक, आणि विसाव्यावर व्हाइस चेअरमन, ज्यांचा माइक चालू करण्याची प्रथा नाही. चाळिसाव्यावर ‘मंजूर’. हे तीन वर्षांपूर्वीच्या सभेचं रेकॉर्डिंग. त्या साली जेवणात जिलेबी होती, त्यामुळं सभासदांचे आवाज खणखणीत लागले आहेत.

सभासदांसाठी मंडपात सहा माइक होते, सगळे परदेशी. बोलायला लागलं की हिरवा दिवा लागतो, त्यामुळं बोलणाऱ्याला समाधान मिळतं. या सहांचा आवाज राउटरमधून ज्या दिशेला जायचा, तिला जयराजनी ‘विचाराधीन’ असं नाव दिलं होतं. त्या दिशेला काहीही जोडलेलं नव्हतं.

सभा झकास चालली. विषय वाचला जाई, श्रद्धा चाळीस नंबरचं बटण दाबी, मंडपात ‘मंजूर, मंजूर’ घुमे आणि सभासद एकमेकांकडं कौतुकानं बघत. पाऊण तासात अकरा विषय झाले. एकही सदरा फाटला नाही.

‘सांडपाण्याची उत्तम व्यवस्था केल्याबद्दल संचालक मंडळाचे अभिनंदन’ हा बारावा विषय निघाला, तेव्हा मंडपातल्या अगदी मागच्या माइकचा दिवा लागला. श्रद्धानं सवयीनं तो हेडफोनवर घेतला. तो आवाज एकट्या तिलाच ऐकता येत होता.

“आवं चेअरमनसायेब, मी राहीबाई, वड्याकडच्या वस्तीवरची. तुमच्या कारखान्याचं पाणी वड्यात येतंय आन् वड्यातनं माझ्या हिरीत. हिरीचं पाणी काळं पडलंय. नातवाच्या अंगावर फोड उठल्यात, लय रडतंय पोर. ही बाटली भरून आणलीया. एक घोट पिऊन दावा, मग करा काय ती मंजुरी.”

आवाज अतिशय स्वच्छ आला. श्रद्धाचं बोट चाळीस नंबरवर होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या भरात तिनं करारात न बसणारी गोष्ट केली. मागचा माइक तिनं थेट मंडपात आणि प्रक्षेपणात सोडला.

राहीबाईनं तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि पंचवीस सेकंद ती सगळ्यांना ऐकू आली. मंडपातल्यांना, आणि शिराळ्यापासून खंडाळ्यापर्यंत घरबसल्या बघणाऱ्या एकवीसशे जणांनाही. हंबीरराव बोलता बोलता थांबले. जयराज धापा टाकत गाडीत आले, पण ओरडले नाहीत. त्यांनी फक्त मोबाइल पुढं धरला. प्रक्षेपणाखाली भराभर प्रतिक्रिया पडत होत्या. ‘मधेच कोण ही बाई?’ ‘आवाज बिघडलाय.’ ‘सायबांचं भाषण दाखवा.’ ‘जेवाण कवा हाय?’ तक्रारी तीनशे बारा. विहीर कुठली, हे विचारणारे शून्य.

“बघा ताई,” जयराज म्हणाले, “आमी कुणाचा आवाज दाबत न्हाई. लोकांनाच नको हाय.”

श्रद्धानं माइक पुन्हा ‘विचाराधीन’कडं वळवला. बारावा विषयही मंजूर झाला. या वेळी बटण दाबावं लागलं नाही, मंडपातून खरेच आवाज आले.

सभा उठली, माणसं जेवणाच्या रांगेला लागली. राहीबाई मात्र माइकच्या वायरीमागं चालत चालत गाडीपाशी आली.

“पोरी, तुला ऐकू आलं न्हवं?”

“आलं, आज्जी.”

“मग तू पी.”

श्रद्धाच्या घरात दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी पाणी पीत नाही. हे पाणी कितीही गाळलं तरी निवळणारं नव्हतं. तिनं बाटली हातात घेतली, बराच वेळ धरली आणि गाडीच्या पायरीवर ठेवून दिली. राहीबाई वस्तीच्या वाटेला लागली.

आता अडचण एवढीच, की हेडफोन नसतानाही तुम्ही हे शब्दन् शब्द ऐकलंत. बाटली तशीच भरलेली आहे. एक घोट घ्या, आणि मग सवडीनं कळवा, आवाज कसा आला.