आधी गिनती, मग मशीन

आमच्या मुखेडात झाड तोडायचं असेल, तर महेबूबचाचा आधी घरातल्या माणसांची हजेरी घेतात. चेनसॉ खाली ठेवलेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, आणि हा माणूस अंगणात उभा राहून एकेकाचं नाव पुकारतो. ज्याचं नाव येईल त्यानं झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभं राहून 'हाय' म्हणायचं. एक 'हाय' कमी पडलं तरी मशीनच्या दोरीला हात लागत नाही.

"पहिले गिनती, मंग मशीन," चाचा म्हणतात. "मशीनला पाव्हणारावळा वळखू येत न्हाई."

आमची वाळलेली बाभूळ तोडायची होती तेव्हा वहिनी माहेरी अर्धापूरला गेली होती. तसं सांगून भागलं नाही. फोन लावावा लागला. वहिनीनं तिकडून 'हाय' म्हटलं, तरी चाचांनी "कुठून बोलून राहिल्या?" असं विचारून खात्री करून घेतली.

झाड पडताना बघायला आमच्याकडे लोक खुर्च्या घेऊन येतात आणि नेमके झाड पडणार त्याच बाजूला बसतात, कारण तिथून नीट दिसतं. चाचा आधी त्यांना उठवतात. मग सगळ्यांच्या गळ्यातले गमछे काढायला लावतात. स्वतःला पळायला मागच्या बाजूनं तिरकी वाट अशी झाडून घेतात की तिथं रांगोळी काढावी. एकदा झाडाला बांधलेला दोर ओढायला आलेल्या पैलवानानं तो कमरेलाच गुंडाळला. चाचांनी मशीन बंद केली, त्याला सोडवलं आणि म्हणाले, "तुमची ताकद कुस्तीला ठिवा."

चाची डबा घेऊन सोबत यायच्या. गिनतीत शेवटचं 'हाय' त्यांचं. "झाड वाळून आपसूक पडंल, पण यांची गिनती सरायची न्हाई," असं सगळ्यांसमोर म्हणायच्या आणि चाचा खुशीत दोरी ओढायचे. गेल्या वर्षी चाची वारल्या.

यंदा चाचांच्याच घरावर त्यांचा जुना लिंब कलला. पावसाळ्याआधी काढला नसता, तर पत्र्यांसकट खाली झोपणारे चाचाही गेले असते. पण रोज काहीतरी निघायचं. कधी वारा, कधी चेन बोथट. शेवटी आम्ही गल्लीतले पाचसहाजण जाऊन उभेच राहिलो.

गिनती सुरू झाली. आम्ही 'हाय' म्हणालो. उदगीरला दिलेली त्यांची लेक रुबीना फोनवरून "हाय, अब्बा," म्हणाली.

"रुबीनाची अम्मी?" चाचांनी पुकारलं.

सवयीनं तोंडातून गेलं असावं. चाचांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"गिनती पुरी न्हाई," ते म्हणाले. "आज राहू द्या."

मी जवळ गेलो.

"चाची लई लांब हायत, चाचा," मी म्हटलं. "झाड तिथवर पोचत न्हाई."

त्यांनी लिंबाच्या शेंड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"दुप्पट लांब हाय ना?"

"त्याच्याहून लई."

"मंग चालतंय."

त्यांनी हेल्मेट घातलं, मला आधी माझ्या जागेवर परत पाठवलं, मशीन जमिनीवर पायानं दाबून धरली आणि दोरी ओढली.