हणमाजीच्या शिंगाचे कुळमूळ

श्री. जो वारा देवाने दिला आणि मनुष्याने पितळेत कोंडून गाता केला, त्या वाऱ्यास प्रथम नमन. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सर, भाद्रपद वद्य तृतीया, ते दिवशी नदीच्या पैलतीरच्या राज्याचा वकील दरबारी आला आणि मुजरा करून बोलिला की, "आपले वेशीवर जे पितळी शिंग रोज सकाळी वाजते, त्याचे पितळ आमचे, ऐसे आमचे वृद्ध सांगतात. दसऱ्यापावेतो शिंगाचे मूळ शोधून आपले म्हणून दाखवावे, नाहीतर शिंग आमचे आम्हांस द्यावे." आणि महाराज स्वभावे सरळ, त्यांनी तत्काळ शब्द दिला, आणि मग विचार केला, ही थोरांची रीतच आहे. मग आम्हां दफ्तरच्या कारकुनास आज्ञा जाहली की, शिंगाचा आदिवृत्तांत काढणे.

त्या शिंगाचा वाजवणार हणमाजी शिंगाडे, वय सत्तरीपार, पुढील दात दोनच शाबूत, बायको वारून नऊ वर्षे जाहली, मूलबाळ नाही, घरात बोलावयास ते शिंग तेवढे. हे वर्तमान ऐकून तो दफ्तरात आला आणि उंबऱ्यावरच बसला आणि म्हणाला, "कारकूनबुवा, शिंग गेलं तर सकाळी उठू तरी कशापायी?" आम्ही त्यास पाणी दिले.

मग शोध आरंभिला. अठरा दिवस जुन्या कागदांचे रुमाल सोडिले आणि बांधिले, कसर झाडिली, शिंका दिल्या, आणि शिंगाचे नाव कोठे सापडेना. दफ्तरदार गंगोपंत तर म्हणो लागले की, हे शिंग साक्षात लंकेहून आले. आम्ही म्हटले, "पंत, लंकेत सोने होते, पितळ कोण ठेवतो?" तेव्हा ते रुसले आणि दोन दिवस आमच्याशी बोलिले नाहीत, आणि ते दोन दिवस काम बरे जाहले. शिंगही बाहेरून बोटबोट तपासिले, तो कोणा राजाचे नाव नाही, शिक्का नाही. आत पाहावे तर शिंगाड्यांचे कुळाचार आडवे आले. शिंग रोज चिंचेने घासावे ते वरूनच, पोटात हात घालू नये, पूर्वजांचा श्वास आत राहतो, तो पुसला जाईल, ऐशी त्यांची पिढ्यांची समजूत. त्यामुळे आतून ते शिंग चुलीच्या भिंतीसारखे काळे.

आश्विन शुद्ध सप्तमीस आम्ही तांबट आळीची कोंडाई हीस बोलाविले. ती नवऱ्यामागे एकटी दुकान चालवी, आणि तिची जीभ तिच्या हातोडीहून जड. तिने शिंग हाती घेतले, वाजवून नव्हे, बोटाने टिचकी मारून ऐकिले, आणि म्हणाली, "हे नव्या पत्र्याचं नव्हे. भांडं मोडून केलंय. आत घासल्याबिगर काही कळायचं नाही." हणमाजी शिंग उराशी धरून बसला. कोंडाई म्हणाली, "अहो भाऊजी, श्वास काय काजळी आहे होय, चिंचेनं निघायला?" आणि मग ती हळूच म्हणाली, "मी हलक्या हातानं घासते." तेव्हा त्याने दिले. तिने तोंडाच्या रुंद भागात हात घातला, चिंच लाविली, राख लाविली, आणि प्रहरभराने आत ठोक्याठोक्यांची अक्षरे उजळली, जशी लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी: 'चि. सगुणा हीस आईकडून, मौजे वडसावळी.'

कोंडाईने अक्षरांवर बोट फिरविले. म्हणाली, "ही सगुणा आमच्याच आळीची सून. आजेसासू सांगायची. मोठा पूर आला, माणसं ओरडून मेली, कुणाला हाक ऐकू गेली नाही. मग शिंग करायचं ठरलं, तर पितळ पुरेना. तेव्हा सगुणेनं आईनं दिलेला हंडा पुढं केला. म्हणाली, माझ्या आईची हाक पाण्यापार जायची, तिच्याच हंड्याचं करा. नाव मोडू नका म्हणाली, म्हणून आत वळवलं असेल." आणि सर्वांचे डोळे भरले, गंगोपंतांचेही, पण ते कसरीमुळे ऐसे सांगत.

परंतु वडसावळी गाव पैलतीरीचे! म्हणजे वकिलाचे बोलणे खरे, पितळ त्यांचेच. गंगोपंत दार लोटून म्हणाले, "कोंडाई, गावाच्या नावावर चार ठोके दे. पुढले आम्ही पाहतो." आणि खोटे का सांगावे, आम्हीही मान डोलाविली, कारण आम्हांस हणमाजीचे तोंड पाहवेना. तो हणमाजीच उठला आणि म्हणाला, "पंत, हात लावाल तर बघा! शिंग जाऊ द्या. आईचं गाव पुसून मी फुंकायचं कशात? नरड्यातून आवाज निघंल का?" आणि म्हातारा लेकरासारखा रडला, आणि कोंडाईने हातोडी ओच्यात लपविली.

दसऱ्यास दरबार भरला. महाराजांनी शिंग स्वहस्ते वकिलापुढे ठेविले आणि म्हणाले, "वाचा. आपण म्हणत होतां तेच खरे." हणमाजी खांबाशी उभा, त्याने डोळे मिटून घेतले. वकिलाने शिंग उजेडाकडे धरून एकवार वाचिले, दुसऱ्यांदा वाचिले, आणि मग शिंग खाली न ठेविता स्वतः चालत हणमाजीपाशी गेला आणि त्याच्या हाती देऊन म्हणाला, "माहेराने लेकीस घातलेले भांडे परत मागावे, इतके काही आम्ही बुडालो नाही. हे तुमचेच." आणि मग विचारिले, "बाबा, रोज वाजवतां ते तोंड कोणीकडे करून?" हणमाजी म्हणाला, "गावाकडं, सरकार. नदीला पाठ." तेव्हा वकील म्हणाला, "एकवार आमच्याकडे तोंड करून वाजवा. लेक सुखी आहे, एवढे वडसावळीस कळू द्या."

मग सारा दरबार घाटावर गेला, आणि हणमाजीने दोन दातांनिशी शिंग फुंकिले. आवाज प्रथम फाटला, मग सावरला, आणि पाण्यावरून पार गेला, आणि पैलतीरी धुणे धुणाऱ्या बायांनी हातातली कापडे तशीच ठेवून माना वर केल्या.

येणेप्रमाणे शिंगाचे मूळ ठरले. कोणा राजाने केले नाही, कोणी जिंकून आणिले नाही, आईने लेकीस दिले आणि लेकीने गावास दिले. तेव्हापासून रोज सकाळी ते दोनदा वाजते, एकदा सासरकडे आणि एकदा माहेराकडे. लिहिणाराने जे पाहिले ते लिहिले, वाचणाराने आपल्या आईस आठवावे. लेखनसीमा.