आग्रहबंदीच्या बेटावर पाऊस

पाऊस सकाळच्या बोटीने आला आणि उतरल्या उतरल्या त्याने धक्क्यावरच्या पोलिसाला परतीची बोट कधी आहे ते विचारलं.

आनेमिदी या ग्रीक बेटावर तो तीन वर्षांनी येत होता. अंगात राखाडी कोट, हातात काही नाही, चेहरा जरा ओढलेला. ओळखलं त्याला सगळ्यांनीच. कॉफीच्या दुकानातली म्हातारी मंडळी खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच खाली बसली. पुढे होऊन त्याचा हात धरायची कुणाची छाती झाली नाही, कारण तसा नियम होता.

नियमाची हकीकत अशी. आनेमिदीत आग्रहाशिवाय पाहुणचार नाही. पाहुण्याने दोनदा 'नको' म्हणायचं आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचं, हे तिथली पोरं पाळण्यातच शिकतात. पण उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांना हे कुठून ठाऊक? त्यांचं 'नको' खरोखरच नको असायचं, आणि तरी त्यांच्या ताटात आणखी एक भरलं वांगं पडायचं. एका जोडप्याला तर शेवटी आडवं करून बोटीवर चढवावं लागलं. तक्रारी झाल्या. नगरपालिकेने ठराव केला: पाहुण्याला एकदाच विचारावे, आणि तो नको म्हणाल्यास त्याच्या मताचा आदर करावा.

त्याच वर्षी पाऊस नेहमीप्रमाणे शरद ऋतूत आला. नगराध्यक्षांनी जातीने सामोरं जाऊन विचारलं, "बसता का?" पाऊस म्हणाला, "नको, उगाच तुम्हाला त्रास." नगराध्यक्षांनी त्याच्या मताचा आदर केला आणि ते त्याला बोटीपर्यंत पोचवून आले. तेव्हापासून बेटावर थेंब पडलेला नव्हता. पावसाचाही स्वभाव असा, की कुणाच्या घरी नीट बसल्याशिवाय तो पडत नाही. रस्त्यात पडणं त्याला असभ्य वाटतं.

आता तो गल्ली चढत होता, अगदी सावकाश, कुणीतरी हाक मारावी अशा बेताने. दारोदारी तेच. "बसता का?" "नको, राहू दे." "बरं." मागून पोलीस पांतेलिस चालत होता, ठराव पाळला जातोय ना ते बघायला. तोही बिचारा उतरलेल्या तोंडाने चालत होता.

गल्लीच्या शेवटच्या दारात अर्गिरो उभी होती. वय सत्तरीच्या घरात, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी होती, आणि ती इतकी कोरडी पडली होती की मांजर आत जाऊन व्यायलं होतं. म्हणून तिची मुलगी देस्पिना अथेन्सहून तिला न्यायला आली होती. दुपारच्या बोटीने निघायचं, घराला कुलूप लावायचं. अथेन्सच्या फ्लॅटमध्ये नळाला दिवसरात्र पाणी होतं आणि खिडकीतून समोरची खिडकी दिसायची. अर्गिरोला जायचं नव्हतं. जिवावर आलं होतं तिच्या. पण मुलीचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्याशी भांडायला तोंड कुठून आणायचं? सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं.

"या, आत या," अर्गिरो पावसाला म्हणाली.

"नको. तुमची निघायची गडबड दिसतेय."

"कसली गडबड? या."

पांतेलिसने घसा खाकरला. "काकू, हे दुसऱ्यांदा झालं. मला कारवाई करावी लागेल."

"कर की. पण उन्हात उभं राहून नको करूस. आत ये, मुरांबा खा, मग कर."

"नको काकू, ड्युटीवर आहे."

"बस म्हटलं ना!"

पांतेलिस बसला. पोलीसच बसल्यावर पावसाला उभं राहणं बरं दिसेना. तोही खुर्चीच्या कडेवर टेकला. खिडकीबाहेर जरा सावली आली.

पण नुसतं टेकणं म्हणजे बसणं नव्हे. आनेमिदीत पाहुण्याला चमचाभर कडू संत्र्याचा मुरांबा आणि ग्लासभर गार पाणी देतात, आणि पाणी पोटात गेलं की मगच तो घरात आला असं धरतात. मुरांबा होता. पाणी नव्हतं. बोटीतून येणाऱ्या बाटल्या होत्या, पण त्या पावसापुढे ठेवायच्या म्हणजे त्याचंच दुसऱ्या गावी पडलेलं पाणी त्याला पाजायचं. अर्गिरोने ट्रे घेतला, त्यात बशी ठेवली, शेजारी रिकामा ग्लास ठेवला आणि तो न सांडण्याची काळजी घेत बाहेर आणला.

"घ्या. आमच्या टाकीतलं आहे."

पांतेलिस छताकडे बघायला लागला.

"आई," देस्पिना हळूच म्हणाली.

"तू गप्प."

पाऊस ग्लासाकडे बघत राहिला. "तहान नाही हो."

"घोटभर घ्या."

"खरंच नको."

मग मात्र अर्गिरोचं अहोजाहो सुटलं. "अरे, तीन वर्षांनी आलास आणि माझ्या घरचं पाणी नाकारतोस? इतकं वाईट आहे का? पी म्हणते ना! माझी शप्पथ आहे तुला!" शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला.

इतक्या मायेने दिलेला ग्लास रिकामा आहे असं तोंडावर कसं सांगणार? यजमानीण उघडी पडली असती. पावसाने ग्लास उचलला. तो कानापर्यंत लाल झाला. ग्लासाच्या तळाशी थेंब जमला, मग बोटभर पाणी झालं, मग तो काठोकाठ भरला. पावसाने तो एका दमात रिकामा केला आणि ओठ पुसले.

"गार आहे," तो म्हणाला. "तुमच्या टाकीचं पाणी पहिल्यापासूनच चांगलं."

आणि छतावर ताशा वाजायला लागला.

पुढचं काय सांगावं! न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यात आलं आणि तिथेच त्याचा फेस धुऊन निघाला. पाद्रीबाबा झगा गुडघ्यापर्यंत वर धरून डबक्यात उड्या मारत होते. बायकांनी घरातली भांडी बाहेर मांडली आणि मांडून झाल्यावर त्यांच्यामध्ये नाचल्या. मांजराने एकेक पिल्लू टाकीतून उचलून देस्पिनाने बांधलेल्या सामानावर आणून ठेवलं. नगराध्यक्ष चौकात उघड्या डोक्याने उभे राहून आभाळाला सांगत होते, "आणखी थोडा! माझ्यासाठी! काही होत नाही, घ्या हो!" पांतेलिसने खिडकीतून ते पाहिलं आणि मुरांबा आणखी मागितला.

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. पाऊस खुर्चीतून उठू लागला, तशी बाहेरची सर विरळ झाली.

"आई, बोट," देस्पिना म्हणाली.

अर्गिरोने पावसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि ती मुलीकडे वळली. "घरात पाहुणा आहे. पाहुण्याला टाकून घरचं माणूस कधी बाहेर पडतं का?"

 मग देस्पिनाने बूट काढले, स्कर्ट खोचला आणि गच्चीवर जाऊन टाकीकडे जाणाऱ्या पन्हळीत धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेला चिंध्यांचा बोळा उपसून काढला. थोड्याच वेळात अंगणाखालून टाकीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. अर्गिरो तो ऐकत उभी राहिली. आधी हसली आणि मग ढसाढसा रडली.

पाऊस घाबरला. "माझं काही चुकलं का?"

"नाही रे बाबा. रात्री काय जेवशील ते सांग."

"काहीही चालेल. उगाच त्रास नको."

अर्गिरोने डोळे पुसले आणि मोठं पातेलं काढलं.