चूक काढणारं गाव

एखादं शहर मनात भरलं की आमचे भानुदासतात्या सांगतात, "लई भारी गाव. तितं माझी चूक काढली."

तात्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. इंदापूर तालुक्यातल्या कळंबात त्यांची आणि आमची भिंत एकच. मी बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात कामाला, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन करतो. गाण्यातलं मला एवढंच कळतं की ते सुरू झालं आणि संपलं. तात्यांनी हे पहिल्याच वर्षी ओळखलं आणि तरीही मला सांभाळून घेतलं.

त्यांच्या क्लॅरनेटच्या पेटीला झाकणाच्या आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर शहरांची यादी, नंबरवार. अंगात कला असलेल्या माणसानं कुठं जावं याची. तात्या यातल्या कुठल्याही शहरात दोन दिवसांच्या वर राहिलेले नाहीत. वरातीपुढं चालत जेवढं दिसलं तेवढ्यावर निकाल दिलेला आहे.

मिरज दोन नंबरला. तिथं परण्या निघाला होता, म्हणजे नवरदेव घोड्यावरून मारुतीला चालला होता. तेवढ्यात तंबोऱ्याच्या दुकानातून एक म्हातारबाबा हातात भोपळा घेऊनच बाहेर आले आणि सरळ घोड्याच्या आडवे उभे राहिले. "निषाद उतरलाय तुमचा," म्हणाले. वऱ्हाडी चिडले, घोडा बिथरला. तात्यांनी मात्र भर रस्त्यात म्हाताऱ्याचे पाय धरले. "त्या दिवशी नवरदेवापरीस मी खूश व्हतो," असं ते अजून सांगतात.

पुणे तीन नंबर. "तितं चूक काढत्यात, पण नसली तरीबी काढत्यात." मुंबई पार खाली. "मुंबईला चूक काढाय सवड न्हाय. पुढच्याला बोलवत्यात." कोल्हापूरबद्दल त्यांच्या मनात माया आहे. "चुकलं तरी फेटं उडवत्यात. जेवायला जावं तितं, शिकायला न्हाय." बारामती आणि इंदापूर यादीतच नाहीत. मी एकदा बारामतीची बाजू घेऊन भांडलो, मोठं नाट्यगृह आहे म्हटलं. तात्या म्हणाले, "खुर्च्या चांगल्या हायत्या."

गावातली एक मुलगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाण्यात पहिली आली, तेव्हा तिचे वडील विचारायला आले, हिला क्लासला कुठं घालू? तात्यांनी उलट विचारलं, "हितं तिची चूक कोण काढतं?" वडील अभिमानानं म्हणाले, "कोणच न्हाय. समदी टाळ्या वाजवत्यात." तात्यांचा चेहरा पडला. "मंग लवकर हलवा तिला हितनं."

राहिला एक नंबर. तिथलं नाव इतकं खोडलंय की कागद फाटायला आलाय. मी विचारलं तर म्हणाले, "ते गाव आता न्हाय." आमच्या तालुक्यात गाव नाही म्हटलं की माणूस आधी उजनीच्या पाण्याकडं बघतो. धरणात गेलेलं एखादं असेल असं धरून मी गप्प बसलो.

खरं काय ते बबननं सांगितलं. बबन त्यांच्या बँडमध्ये ढोल वाजवतो. भिगवणहून येताना मी त्याला गाडीवर घेतलं होतं, वाटेत चहाला थांबलो.

"एक नंबरला कळंबच व्हतं," तो म्हणाला. "वैनी व्हत्या तवा."

वैनी म्हणजे तात्यांची बायको, सुमनकाकू. तात्या सकाळी रियाजाला बसायचे तेव्हा काकू पलीकडं भाकरी थापत असायच्या. सूर चुकला की थापायचा आवाज थांबायचा. बरोबर लागला की पुन्हा सुरू. काकूंना गाणं कुणी शिकवलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. भिंतीपलीकडून मीही तो आवाज रोज ऐकायचो. मला ती नुसती भाकरी वाटायची.

"तवापासनं तात्या दर परण्यात एक सूर मुद्दाम चुकवत्यात," बबन म्हणाला. "मंग बघत्यात कोण वळतंय का."

"वळतं का कुणी?"

"कोण वळतंय? मलाबी कळत न्हाय. त्यांनी सांगितलं म्हणून ठावं. आपलं काम ढोल बडवायचं."

तीन वर्षं माझ्या शेजारचा माणूस हे करत होता आणि मला ठाऊक नव्हतं.

पुढच्याच महिन्यात माझ्या भाचीचं लग्न कळंबात निघालं. मी हट्टानं डीजे रद्द करून तात्यांचा बँड ठरवला. परण्या मारुतीला जाऊन आला. तात्या मांडवाच्या कडेला बसून क्लॅरनेट पुसत होते. मी गेलो आणि मनाशी ठरवलेलं बोलून टाकलं.

"तात्या, आज एक सूर चुकला बरं का."

त्यांचा हात थांबला. "कुठं?"

एवढी तयारी मी केली नव्हती. "मारुतीच्या वळणावर," मी ठोकून दिलं.

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग मान हलवली. "व्हय, सुनीलराव. तितंच."

आठवड्यानं त्यांनी पेटी उघडून मला मुद्दाम जवळ बोलावलं. यादीच्या तळाला नवीन नाव लिहिलं होतं, कळंब. मी दोन दिवस हवेत होतो. न राहवून बबनला सांगितलं.

बबन म्हणाला, "त्या दिवशी त्यांनी चुकवलाच न्हवता. निघताना आमाला म्हणले, सुनीलच्या घरचं लगीन हाय, आज समदं नीट वाजवायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांत त्यांनी एकदाच सगळं चोख वाजवलं, ते माझ्यासाठी, आणि त्यातच मी चूक काढली. आणि ते "तितंच" म्हणाले.

कळंबचं नाव अजून यादीत आहे. ते खोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रोज सकाळी तात्या वाजवता वाजवता मधेच थांबतात. भिंतीच्या अलीकडं मी तोंडात ब्रश धरून उभा असतो. ते माझ्यासाठी थांबलेत की काकूंसाठी, मला कळत नाही. थोडा वेळ जातो आणि ते पुन्हा वाजवायला लागतात.