न परतलेला रुग्ण

विज्ञानाची प्रगती रुग्णाच्या सहकार्यावर अवलंबून असते, आणि घरी गेल्यावर पुन्हा तोंड न दाखवणं यासारखं दुसरं सहकार्य नाही. म्हणून त्या मेडिकल कॉलेजच्या मेंदूशस्त्रक्रिया विभागात सन पंचाहत्तरच्या सुमारास नियमच होता: ऑपरेशननंतर जो परत आला नाही, तो बरा झाला. (दुखत असतं तर आला नसता का?) यशाचं प्रमाण शेकडा ब्याण्णव होतं. उरलेले आठ वॉर्डातच वारले. त्यांना बरं म्हणायला विभागप्रमुखांनाही जड जात असे.

डॉक्टर शिखरचंदांना हा नियम ऐकताक्षणी पटला. शेलूबाजारच्या कापडदुकानदाराचे ते चिरंजीव. गिऱ्हाईक कापड घेऊन परत आलं की समजावं, रंग गेला, हे वडील हुकूमचंदांनी त्यांना लहानपणीच शिकवलं होतं. त्यांनी याच नियमावर निबंध लिहिला. परिषदेत तो गाजला तर लेक्चररची जागा पक्की होती, आणि न गाजायला झालं काय?

दिवाळीत ते दुकानाच्या गादीवर बसले असताना तुळसाबाई लुगडं घ्यायला आली. तिचा नवरा रामकिसन कापसाच्या गाडीवरून डोक्यावर पडला होता. त्याचं ऑपरेशन शिखरचंदांनीच केलेलं. निबंधात तो बरा झालेल्यांत पहिला. शिखरचंदांनी छाती फुगवून त्याची खुशाली विचारली.

रामकिसन तिला ओळखत नव्हता. भरवलं तर खायचा, दार उघडं दिसलं की वाट फुटेल तिकडं चालत सुटायचा.

"मग आणलं काहून नाही?"

"तुमीच तं सांगतलं होतं, डाक्तरसायब, बरं वाटलं का दाखवाले घेऊन या. आमी बरं वाटाचीच वाट पाहून राह्यलो."

आता बोला! म्हणजे बरा झालेला असता तोच परत आला असता, आणि निबंधातले बरे सगळे घरी पडलेले. शिखरचंदांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. परिषद आठवड्यावर होती.

"आता आणू का?" तुळसाबाईनं विचारलं.

"परिषद झाली की आणा," ते म्हणाले.

निबंधाला टाळ्या पडल्या, जागा मिळाली. आता ही गोष्ट शिखरचंद स्वतःच, स्वतःची टर उडवत, रंगवून सांगतात. मोठ्या मनाचा माणूस, असं ऐकणारे म्हणतात आणि पोट धरून हसतात. पुढं रामकिसनचं काय झालं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. तुम्ही मात्र विचारणारच होतात, हो ना?